‘रिअ‍ॅक्शन आली होती’ एवढं सांगून भागत नाही

औषधाची जिवावर बेतणारी रिअ‍ॅक्शन येऊन गेलेल्या माणसाला पुढे कधीतरी डॉक्टर विचारतात, ‘कोणत्या औषधाची?’ उत्तरं ठरलेली असतात. ‘पिवळी गोळी होती’, ‘कसलंसं इंजेक्शन दिलं होतं’, ‘अँटिबायोटिक असावं.’ डिस्चार्ज कार्डावरही कित्येकदा ‘औषधाची अ‍ॅलर्जी’ एवढेच दोन शब्द असतात. या दोन शब्दांनी कुणाचंच रक्षण होत नाही. तशी रिअ‍ॅक्शन पुन्हा येऊ द्यायची नसेल, तर औषधाचं नेमकं नाव हाताशी असणं ही माझ्या मते पहिली गरज आहे. बाकीचे उपाय त्यानंतर.

आधी हे घडतं कसं ते पाहू. औषध पहिल्यांदा पोटात जातं तेव्हा अनेकदा काहीच जाणवत नाही. पण आतल्या आत रोगप्रतिकारक यंत्रणा त्या औषधाविरुद्ध ‘आयजीई’ प्रकारची प्रतिपिंडं तयार करते आणि ती त्वचा, श्वासमार्ग अशा ठिकाणी असणाऱ्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढे तेच औषध आलं, की या पेशी हिस्टामिनसारखी रसायनं एकदम बाहेर टाकतात. मग काही मिनिटांत अंगभर गांधी उठतात, ओठ आणि जीभ सुजते, धाप लागते, रक्तदाब कोसळतो. यालाच अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिये या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०२ साली त्याचं वर्णन केलं. समुद्रफूल या सागरी प्राण्याच्या विषाची जी मात्रा कुत्र्याने आधी सोसली होती, तीच काही आठवड्यांनी पुन्हा दिल्यावर तो थोड्याच वेळात दगावला. रिशे यांना या कामासाठी १९१३चं नोबेल मिळालं. ‘मागच्या वेळी नुसती खाज आली होती, आताही तेवढंच होईल’ या भरवशावर राहणं किती धोक्याचं आहे, ते यावरून कळावं.

आता नावाकडे वळू. एकच औषध कितीतरी ब्रँडनावांनी विकलं जातं. स्ट्रिपवर ब्रँड ठळक छापलेला असतो आणि मूळ घटक त्याखाली बारीक अक्षरांत. दुकानदाराने चारच गोळ्या कापून दिल्या, तर घटकाचं नाव छापलेला तुकडा नेमका त्याच्याकडेच राहू शकतो. शिवाय सर्दीच्या किंवा अंगदुखीच्या एका गोळीत दोन-तीन औषधं असतात. म्हणून रिअ‍ॅक्शन आली, की त्या दिवसांत घेतलेल्या प्रत्येक औषधाची स्ट्रिप, बाटली, चिठ्ठी जपून ठेवावी आणि डॉक्टरांकडून मूळ घटकाचं नाव, तारीख, औषध घेतल्यानंतर किती वेळाने काय झालं, हे लिहून घ्यावं. ते पाकिटात असावं, फोनमध्ये असावं आणि घरच्यांनाही ठाऊक असावं. बेशुद्ध माणूस काही सांगू शकत नाही.

नाव कळलं, की त्याची भावंडंही कळतात. पेनिसिलिन चालत नसेल तर अ‍ॅमॉक्सिसिलिनही तपासणीशिवाय घ्यायचं नाही, कारण ते त्याच कुटुंबातलं. वेदनाशामकांची गोष्ट जरा निराळी आहे. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांची रचना वेगवेगळी, पण तिन्ही एकाच विकराला अडवतात. त्यामुळे काही जणांना, विशेषतः काही दमेकऱ्यांना, यातलं एक सोसलं नाही तर दुसरंही सोसत नाही.

तपासण्यांनाही वेळेचं गणित असतं. ट्रिप्टेज, म्हणजे रिअ‍ॅक्शनच्या वेळी मास्ट पेशींतून बाहेर पडणारं विकर, मोजण्यासाठी रक्त शक्यतो पहिल्या चार तासांत घ्यावं लागतं. त्वचेवरची चाचणी मात्र साधारण चार ते सहा आठवड्यांनी करतात, कारण त्याआधी ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणजे अ‍ॅलर्जी असूनही नाही असं दाखवू शकते. शंका उरलीच, तर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली अगदी थोड्या मात्रेपासून औषध देऊन पाहतात. हा प्रयोग घरी कधीही करू नये.

काही रिअ‍ॅक्शनमध्ये तर रुग्णालयातही तो करत नाहीत. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोममध्ये औषध सुरू केल्यावर काही दिवसांनी वा आठवड्यांनी कातडी सोलून निघते, तोंडात आणि डोळ्यांत जखमा होतात. ज्या औषधाने हे झालं, ते पुन्हा आयुष्यात नाही. फिट्सवरच्या कार्बामाझेपिनबाबत तर एचएलए-बी*१५:०२ हा जनुकप्रकार असलेल्यांना हा धोका फार वाढतो, हे २००४मध्ये तैवानमध्ये दिसून आलं. त्यामुळे तो जिथे जास्त आढळतो, त्या आशियाई लोकसमूहांमध्ये औषध सुरू करण्याआधीच रक्त तपासून हे टाळता येतं.

याची दुसरी बाजूही मला तितकीच महत्त्वाची वाटते. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असल्याची नोंद असलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांना तपासणीअंती ते औषध व्यवस्थित चालतं. लहानपणी विषाणूमुळे उठलेलं पुरळ औषधाच्या माथी मारलेलं असतं, किंवा खरी अ‍ॅलर्जीही वर्षांनुवर्षं त्या औषधाशी संबंध न आल्याने ओसरलेली असते. अशा चुकीच्या नोंदीमुळे योग्य औषध नाकारलं जातं आणि अधिक तीव्र, अधिक दुष्परिणामांचं अँटिबायोटिक वाट्याला येतं. जुनी, धूसर नोंद अ‍ॅलर्जीतज्ज्ञांकडून तपासून घ्यायलाच हवी.

आणि खरोखर अ‍ॅलर्जी असताना त्या औषधाला पर्यायच नसेल तर? गरोदरपणातल्या सिफिलिसवर पेनिसिलिनच द्यावं लागतं. अशा वेळी रुग्णालयात, अ‍ॅनाफिलॅक्सिसवरचं तातडीचं औषध अ‍ॅड्रेनॅलिन तयार ठेवून, अत्यल्प मात्रेपासून सुरुवात करतात आणि काही तासांत ती पूर्ण डोसपर्यंत वाढवत नेतात. शरीर ते सोसतं, पण औषध सुरू आहे तोवरच. खंड पडला, की अ‍ॅलर्जी परत जागी होऊ शकते. म्हणून उपचार यशस्वी झाला, तरी कार्डावरची ती नोंद खोडायची नसते.