वैद्यकीय तंत्रज्ञान आणि आरोग्यखर्च

निदानाची यंत्रे, नवी औषधे, रोपणे आणि शस्त्रक्रियेच्या नव्या पद्धती रूढ झाल्यामुळे आरोग्यसेवेच्या एकूण खर्चात होणारी वाढ. बहुतेक धंद्यांत यंत्र आले की काम स्वस्त होते. वैद्यकात एकेका उपचाराचा दर उतरला तरी एकूण बिल चढते, कारण तो उपचार पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक लोकांना दिला जाऊ लागतो.

या वाढीत तंत्रज्ञानाचा वाटा किती, यावर मतभेद आहेत. तो थेट मोजता येत नाही. म्हणून अर्थशास्त्रज्ञ शेषपद्धती वापरतात. लोकसंख्येचे वार्धक्य, विम्याचा प्रसार, उत्पन्नातील वाढ, सेवांची भाववाढ आणि डॉक्टरांनी वाढवलेली मागणी यांपैकी प्रत्येकामुळे खर्च किती वाढला असता याचा अंदाज काढायचा, एकूण वाढीतून तो वजा करायचा आणि उरेल ते तंत्रज्ञानाच्या खाती टाकायचे. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जोसेफ न्यूहाउस यांनी १९९२ मध्ये अमेरिकेच्या सुमारे अर्धशतकाच्या आकड्यांवर ही वजाबाकी केली, तेव्हा ज्ञात कारणांनी निम्म्याहून कमी वाढ उलगडली. पद्धतीची उणीव उघड आहे : मोजमापातल्या सगळ्या चुकाही शेषातच जमा होतात. शिवाय कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. विम्याचा पैसा आहे म्हणून महागडे संशोधन होते आणि महागडे उपचार आले म्हणून विमा लागतो, हे अर्थशास्त्रज्ञ बर्टन वाइसब्रॉड यांनी १९९१ मध्ये मांडले. स्मिथ, न्यूहाउस व फ्रीलंड यांनी २००९ मध्ये अशा परस्परप्रभावांचा हिशेब धरून अमेरिकेतील १९६० नंतरच्या वाढीतील तंत्रज्ञानाचा वाटा २७ ते ४८ टक्के ठरवला. ही मर्यादा जुन्या अंदाजांपेक्षा अधिक भरवशाची दिसते. भारताला मात्र ती तशीच लावता येत नाही. येथे विमा उशिरा पसरला आणि खर्चाचा मोठा भार घरावरच राहिला. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचे प्रमाण २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होते, ते २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आले.

वापर कसा फैलावतो याचे नमुनेदार उदाहरण दुर्बिणीतून होणाऱ्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचे आहे. अमेरिकेतील एका आरोग्ययोजनेत १९८८ ते १९९२ या काळात एका शस्त्रक्रियेचा खर्च सुमारे २५ टक्क्यांनी घटला, पण एकूण खर्च सुमारे ११ टक्क्यांनी वाढला. मोठ्या छेदाच्या भीतीने टाळाटाळ करणारे आणि खड्यांचा फारसा त्रास नसलेलेही टेबलावर येऊ लागले.

एमआरआयमध्ये हाच फैलाव यंत्राच्या अर्थकारणातून होतो. १.५ टेस्ला (चुंबकीय ताकदीचे एकक) क्षमतेच्या नेहमीच्या चुंबकात सुमारे १,५०० ते २,००० लिटर द्रव हेलियम उणे २६९ अंश सेल्सियसला राखावे लागते. त्यासाठी चिलर आणि कोल्ड हेड ही थंडावा देणारी उपकरणे चोवीस तास चालू लागतात, स्कॅन होवो न होवो. वीज गेली आणि चिलर बराच वेळ बंद राहिला तर हेलियम उकळून नळीवाटे बाहेर जाते. कधी चुंबक ‘क्वेंच’ होतो, म्हणजे त्याचा थंडावा जाऊन चुंबकत्व अचानक संपते. मग हेलियम पुन्हा भरणे, चुंबकात पुन्हा प्रवाह चढवणे यात मोठा खर्च होतो आणि यंत्र बंद राहते ते वेगळेच. नव्या सीलबंद चुंबकांत सुमारे सात लिटर हेलियम पुरते. उदाहरणादाखल यंत्र सहा कोटींचे, आयुष्य दहा वर्षे आणि देखभाल-करार किमतीच्या सहा टक्के धरला, तर वर्षाला ९६ लाख रुपये होतात. तीनशे कामाचे दिवस आणि ५,००० रुपये दर धरल्यास रोज सात स्कॅन झाल्याशिवाय एवढेही निघत नाही. व्याज, वीज आणि पगार याहून निराळे. म्हणून साध्या कंबरदुखीलाही एमआरआय लिहिला जातो, आणि त्यात काहीतरी दिसतेच : १९९४ च्या एका अभ्यासात कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांपैकी ५२ टक्क्यांच्या मणक्यातील चकती फुगलेली आढळली. पाठवणाऱ्या डॉक्टरला कमिशन देण्यास २००२ च्या आचारनियमांत मनाई आहे, तरी ‘कट’ची प्रथा संपलेली नाही. रुग्णाच्या अडचणीवर पोसणाऱ्या या प्रथेचे समर्थन होऊ शकत नाही.

यंत्राच्या देखभाल-करारातील शब्द नीट वाचले पाहिजेत. साध्या वार्षिक करारात फक्त मजुरी येते, सर्वसमावेशक करारात सुटे भागही. पण सीटीची क्ष-किरण ट्यूब, एमआरआयची कॉइल (संदेश टिपणारा भाग) आणि हेलियम पुष्कळदा वगळलेले असतात. सरकारी रुग्णालयात खरेदीचे आणि देखभालीचे पैसे अंदाजपत्रकाच्या वेगवेगळ्या शीर्षांतून येतात, त्यामुळे वॉरंटी संपल्यावर एका ट्यूबपायी यंत्र पडून राहू शकते आणि रुग्ण बाहेर पाठवावा लागतो. प्रयोगशाळेत ऑटोॲनालायझर (रक्ततपासणीचे स्वयंचलित यंत्र) नाममात्र भाड्याने बसवून कंपन्या रीएजंटची, म्हणजे तपासणीच्या रसायनांची, किमान खरेदी बांधून घेतात. उघडलेले किट काही आठवड्यांतच बाद होते, म्हणून सुट्या तपासणीऐवजी अख्खे प्रोफाइल (तपासण्यांचा संच) करण्याकडे कल असतो.

किंमतनियंत्रणाचा परिणाम मर्यादित असतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली. पण स्टेंट बसवताना लागणारे बलून, गाइडवायर, कॅथलॅब (ही प्रक्रिया जिथे होते ती खोली) आणि खोलीभाडे त्या मर्यादेत आले नाहीत.

तीच तपासणी पुन्हा पुन्हा होण्यानेही खर्च वाढतो. याचे उदाहरण इंदूरचे. तेथे वैद्यकशिक्षणाची परंपरा जुनी आहे : पुढे किंग एडवर्ड यांच्या नावाने ओळखली गेलेली वैद्यकशाळा १८७८ ची, महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालय १९४८ चे. त्याला जोडलेले महाराजा यशवंतराव रुग्णालय, म्हणजे बोलीतले ‘एमवाय’, धार, झाबुआ, खरगोनपर्यंतच्या रुग्णांचा आधार आहे. खासगी रुग्णालये व तपासणी केंद्रे गीता भवन–पलासिया भागात दाटलेली आहेत. रामबाग, सुदामानगर येथील मराठी कुटुंबांत मोठ्या शस्त्रक्रियेआधी पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडे जाऊन दुसरे मत घेण्याची रीत आहे. तेव्हा फिल्म आणि रिपोर्ट नेले जातात, मूळ डायकॉम (संगणकीय स्वरूपातल्या) प्रतिमांची सीडी मागितलीच जात नाही. फिल्मवर निवडक छेदच छापलेले असतात. त्यांत तीव्रता बदलून पाहता येत नाही आणि नव्या कोनातून छेदही रचता येत नाहीत, म्हणून तीच तपासणी तिकडे पुन्हा होते. सीडी किंवा पेनड्राइव्ह स्कॅनच्या दिवशीच मागून घ्यावा आणि घरच्या संगणकावर उघडून स्कॅनमधील प्रतिमांच्या सर्व मालिका आहेत ना हे पाहावे. जुन्या प्रतिमा केंद्रे किती काळ ठेवतात याचा नेम नसतो.