नॉनशलन्स

नॉनशलन्स : बेफिकिरी, अलिप्तपणा किंवा विनासायास भासणारी सहजता दाखविणारे इंग्रजी भाववाचक नाम; ‘नॉनशलंट’ हे त्याचे विशेषण. मराठीत संदर्भानुसार बेफिकिरी, निर्धास्तपणा, सहजता हे शब्द चालतात. निष्काळजीपणा मात्र जुळत नाही. निष्काळजी माणसाच्या हातून काम बिघडते. नॉनशलंट माणसाला कामाचे ओझे वाटत नाही, किंवा वाटत असले तरी तो ते दिसू देत नाही.

इंग्रजीने हे नाम फ्रेंचमधून, साधारणपणे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, घेतले. विशेषण त्यानंतरचे, बहुधा अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील. जुन्या फ्रेंचमधील ‘शाल्वार’ (महत्त्वाचे वाटणे) या क्रियापदाला नकारार्थी उपसर्ग लागून शब्द बनला. त्या क्रियापदाचे मूळ लॅटिन ‘कालेरे’, म्हणजे गरम असणे. ‘कॅलरी’ हा शब्दही याच कुळातला. ज्या गोष्टीची धग लागत नाही तिची पर्वा नाही, असा हा अर्थविस्तार आहे. सोळाव्या शतकातील फ्रेंच निबंधकार माँतेन्य याने, मरण येईल तेव्हा आपण कोबी लावत असावे आणि मरणाविषयी, तसेच अपुऱ्या राहिलेल्या बागेविषयी त्याहूनही अधिक, ‘नॉनशलंट’ असावे, अशी इच्छा व्यक्त केली आहे. येथे शब्दाला दिखाऊपणाचा स्पर्शही नाही.

कमावलेल्या सहजतेची छटा समजून घेण्यासाठी इटालियन ‘स्प्रेत्सातुरा’ या संज्ञेकडे वळावे लागते. इटालियन लेखक बाल्दास्सारे कास्तिल्योने याचा दरबारी माणसाच्या गुणांवरील संवादग्रंथ १५२८ मध्ये व्हेनिस येथे प्रसिद्ध झाला. लेखन त्याआधी बरीच वर्षे चालू होते. संवाद १५०७ मधील इटलीतील उर्बिनोच्या दरबारात घडतो असे कल्पिले आहे. त्यातील लुदोविको दा कानोस्सा हे पात्र सांगते की, कृत्रिमता खडकासारखी टाळावी आणि प्रत्येक कृतीत ‘स्प्रेत्सातुरा’ हा असा गुण आणावा की कला झाकली जाईल व केलेले किंवा बोललेले सारे श्रमाविना, जवळजवळ विचाराविना झालेले वाटेल. हा शब्द आपण नव्याने वापरत आहोत, असेही तो म्हणतो. मूळ क्रियापदाचा अर्थ तुच्छ लेखणे असा आहे.

कल्पना मात्र नवी नव्हती. तिचा उगम कोणी रोमन कवी ऑव्हिडमध्ये शोधतात. त्याच्या महाकाव्यातील शिल्पकार पिग्मेलियनच्या कथेत कला स्वतःच्याच कौशल्याने लपलेली आहे, असे वर्णन येते. ‘कला लपवणे हीच कला’ ही लॅटिन उक्ती सर्रास त्याच्या नावावर खपते. उपलब्ध काव्यांत ती त्या रूपात आढळत नाही. दुसरा पक्ष हा उगम रोमन वक्ता सिसेरोमध्ये शोधतो. इ.स.पू. ४६ मधील वक्तृत्वविषयक ग्रंथात त्याने साध्या शैलीसंबंधी ‘काळजीपूर्वक केलेला निष्काळजीपणा’ असा प्रयोग केला असून काही स्त्रिया अलंकारांविना अधिक शोभतात असा दाखला दिला आहे. कास्तिल्योनेच्या ग्रंथाचा संवादरूप साचा सिसेरोच्याच आणखी एका ग्रंथावरून घेतलेला आहे. शिवाय कानोस्सा त्याच ओघात आपली विद्वत्ता लपविणाऱ्या प्राचीन वक्त्यांचा उल्लेख करतो. हे पाहता दुसरा पक्ष अधिक ग्राह्य ठरतो.

टॉमस होबी याच्या १५६१ च्या इंग्रजी भाषांतरात या संज्ञेसाठी ‘रेकलेसनेस’ हा शब्द आहे. आजच्या वाचकाला तो बेदरकारपणा वाटेल. परंतु ‘नॉनशलन्स’ तेव्हा इंग्रजीत रूढ नव्हता. लेनर्ड ऑपडाइक याच्या १९०३ च्या भाषांतरात तो आला आणि पुढील काही अनुवादकांनीही तोच पत्करला. संगीतात ‘स्प्रेत्सातुरा’ ही संज्ञा इटालियन गायक व संगीतकार जूल्यो काच्चिनी याने नेली. त्याच्या गीतसंग्रहाच्या (शीर्षकपृष्ठावर १६०१, प्रत्यक्षात १६०२) प्रस्तावनेत गायनातील ‘उदात्त स्प्रेत्सातुरा’चा पुरस्कार आहे. तालाच्या काटेकोर मोजणीतून गायकाने थोडे सुटावे, असा त्याचा आशय होता.

संस्कृत साहित्यशास्त्रात आनंदवर्धनाने (नववे शतक) ध्वनिकाव्यात (सूचित अर्थ प्रधान असलेल्या काव्यात) ‘अपृथग्यत्ननिर्वर्त्य’, म्हणजे वेगळा प्रयत्न न करता साधणारा, अलंकारच मान्य केला आहे. साम्य वरवरचे आहे. तेथे रसात गढलेल्या कवीला वेगळा यत्न करावाच लागत नाही. दरबारी माणूस तो करतो आणि झाकतो.

आधुनिक वापरात चालणे, बोलणे, खेळ यांबाबत शब्द सर्रास येतो. तो स्तुतीचा की टीकेचा, हे संदर्भावरून ठरते : फलंदाजाच्या अलगद फटक्याला लावला तर कौतुक, सोप्या झेलाच्या सुटण्याला लावला तर ठपका. पोशाखाच्या क्षेत्रात मात्र इटालियन संज्ञाच अधिक चालते. फियाट कंपनीचे प्रमुख जान्नी आन्येल्ली सदऱ्याच्या बाहीवरून मनगटी घड्याळ बांधत; ते या ‘स्प्रेत्सातुरा’चे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे.