लशीचं सोवळं

२०२२च्या हिवाळ्यात गोवंडीत गोवराची साथ पसरली होती, मुलं दगावत होती. त्याच सुमारास मुलुंडला आमच्या इमारतीतली एक तरुण आई, मुलीला गोवराची लस द्यायचा विषय निघाला तेव्हा, मला म्हणाली, "काका, नऊ महिने जपलंय तिला. साखरेचा कणसुद्धा दिला नाही. आणि आता ते केमिकल टोचायचं?" ती स्वतः रसायनशास्त्रात एमएस्सी. मी आकडे सांगितले. लस न घेतलेल्या वस्तीत गोवराचा एक रुग्ण १२ ते १८ जणांना लागण देतो, साथ थोपवायला ९५ टक्के मुलांचं लसीकरण व्हावं लागतं. तिने ऐकून घेतलं आणि विषय बदलला.

लस टाळणारी माणसं अडाणी किंवा बेफिकीर असतात, असं आपण धरून चालतो. २०१७ साली 'नेचर ह्युमन बिहेविअर'मध्ये अमेरिकेतल्या पालकांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. कुणाला इजा होऊ नये ही कळकळ आणि न्यायाची चाड, या दोन मूल्यांचा लशीबद्दलच्या काचकुचीशी ठळक संबंध आढळला नाही. आढळला तो पावित्र्य आणि स्वातंत्र्य यांच्याशी. हा फक्त परस्परसंबंध आहे, त्यावरून कारण सिद्ध होत नाही. तरी माझा चुकलेला नेम मला तिथे दिसला.

पावित्र्य म्हणजे आपलं सोवळं. त्याचं गणित वेगळं असतं, त्यात मात्रा नसते. पातेलंभर दुधात एक माशी पडली की सगळं दूध गेलं. १९८६ साली मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि सहकाऱ्यांनी निर्जंतुक केलेलं मेलेलं झुरळ फळांच्या रसात बुडवून काढलं. झुरळ निर्जंतुक आहे हे माहीत असूनही लोकांना तो रस नकोसा झाला. विषशास्त्र मात्र आधी मात्रा विचारतं. काही लशींत फॉर्मल्डिहाइडचा अंश उरतो, पण बाळाच्या रक्तात चयापचयामुळे त्याहून कितीतरी जास्त फॉर्मल्डिहाइड असतंच. हे त्या आईला माझ्यापेक्षा चांगलं समजत होतं. पण किळस आधी निकाल देते, रसायनशास्त्र मागून येतं. म्हणून "आजार भयंकर आहे" हे कितीही सांगा, तिचा प्रश्न तसाच राहतो.

गोवर-कांजिण्यांना 'देवी आली' म्हणून औषध न देणं आणि हजारो रुपयांचा 'डिटॉक्स' काढा पिणं, दोन्हींच्या मुळाशी हेच सोवळं आहे. दोन्हींमुळे मुलांचं नुकसान होतं, आणि दुसऱ्याची जाहिरात रोज आपल्या फोनवर येते.

स्वातंत्र्याचा धडा मुंबईने जुन्या काळीच गिरवला. प्लेगात सरकारी पथकं घरात शिरून माणसं उचलून नेत, त्यातून मार्च १८९८मध्ये दंगल पेटली. त्याआधी, १० जानेवारी १८९७ रोजी, मुंबईत प्लेगवर लस शोधणाऱ्या हाफकिन या शास्त्रज्ञाने आपली लस पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली होती. सक्ती आणि विश्वास यांतला फरक यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार?

पुढच्या भेटीत मी गोवराचा विषाणू शरीरात काय करतो तेवढंच सांगितलं. सीडी-१५० नावाच्या रेणूला धरून तो स्मृतिपेशींत शिरतो. आधीच्या आजारांची ओळख जपणाऱ्या बी आणि टी या रोगप्रतिकारक पेशी त्यात मरतात. २०१९च्या एका अभ्यासात गोवर झालेल्या मुलांनी आपल्या प्रतिपिंडांच्या साठ्यातला ११ ते ७३ टक्के भाग गमावलेला आढळला. लशीतला विषाणू दुबळा केलेला असतो, लस घेतलेल्या मुलांत ही झीज दिसली नाही. म्हणजे बाळाने स्वतः कमावलेलं जे आहे, ते विटाळतो गोवर.

तिने पहिल्यांदाच उलट प्रश्न केला. "किती दिवस पुसलेलं राहतं ते?"

दोन-तीन वर्षंही, मी म्हणालो.