मुंबईतील संग्रहालये व कलादालने

मुंबईत वस्तुसंग्रहालये आणि कलादालने पाहायची म्हटली की दोन ठिकाणे समोर येतात : फोर्टमधील काळा घोडा परिसर आणि भायखळ्याची राणीची बाग. काळ्या घोड्याजवळची तिन्ही मोठी दालने एकमेकांपासून पायी पाच-सात मिनिटांवर आहेत. परिसराला नाव देणारा सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा मात्र १९६५ मध्येच राणीच्या बागेत हलवला गेला. आज चौकात दिसणारा स्वाररहित घोडा २०१७ मधला.

शहरातील सर्वांत जुने संग्रहालय भायखळ्याचे. डॉ. भाऊ दाजी लाड, जगन्नाथ शंकरशेट आणि जॉर्ज बर्डवुड यांच्या पुढाकाराने, लोकवर्गणी गोळा करून त्याच्या इमारतीचे काम सुरू झाले आणि २ मे १८७२ रोजी ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’ या नावाने ते खुले झाले. १९७५ मध्ये त्याला भाऊ दाजींचे नाव मिळाले. पुढे वास्तू जीर्ण झाली होती. महापालिका, इंटॅक ही वारसा जपणारी संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी मिळून तिचा जीर्णोद्धार केला आणि त्याला २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातील सर्वोच्च वारसा-जतन पुरस्कार मिळाला. बिडाचे खांब, रंगवलेले छत आणि सोनेरी नक्षी यांमुळे मान वर जातेच. पण खरा ऐवज काचेच्या कपाटांत आहे. वेगवेगळ्या जातीजमातींच्या आणि व्यवसायांच्या माणसांच्या मातीच्या छोट्या मूर्ती, गलबतांच्या प्रतिकृती, पारशांच्या दखम्याचा (मृतदेह ठेवण्याच्या मनोऱ्याचा) नमुना, जुन्या बेटांचे नकाशे : मुंबईने स्वतःचेच घडवलेले हे रूप आहे. मुलांना घेऊन प्राणी पाहायला येणारी कितीतरी कुटुंबे शेजारच्या या दारावरून पुढे निघून जातात, आणि ही हळहळ वाटण्यासारखी गोष्ट आहे. आवारातला दगडी हत्ती तरी थांबून पाहावा. घारापुरीला पोर्तुगिजांनी ‘एलिफंटा’ म्हटले ते याच्यामुळे. १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत तो फुटला आणि नंतर तुकडे जोडून उभा केला गेला.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची (पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम) पायाभरणी ११ नोव्हेंबर १९०५ रोजी झाली. वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनी कुर्ल्याचा करडा बसाल्ट आणि मालाडचा पिवळसर दगड वापरला. घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून घेतला. इमारत १९१४ मध्ये पूर्ण झाली, पण महायुद्धात तिचा उपयोग लष्करी रुग्णालयासारखा झाला आणि संग्रहालय म्हणून ती १९२२ मध्ये उघडली. आतली लाकडी कमानींची रचना नाशिकच्या एका वाड्यातून आणलेली आहे. मीरपूर खासच्या स्तूपातील मृण्मय मूर्ती, लघुचित्रे आणि टाटा बंधूंचे संग्रह हे इथले वैभव. शाळेच्या सहलीत पोरे सर्वाधिक वेळ पेंढा भरलेल्या पशुपक्ष्यांपाशी रेंगाळतात, त्यात वावगे काही नाही. मात्र मोठेपणी लघुचित्रांसाठी वेगळी सकाळ काढून पुन्हा यायला हवे. एका फेरीत सारे मजले उरकणाऱ्याच्या हाती फक्त पायदुखी लागते.

रस्त्यापलीकडे राष्ट्रीय आधुनिक कलादालन आहे. १९११ च्या सर कावसजी जहांगीर सभागृहात, जिथे एकेकाळी सभा आणि मैफली होत, तिथे ते १९९६ मध्ये सुरू झाले. अर्धवर्तुळाकार मजले चढत चढत प्रेक्षक घुमटाखाली पोहोचतो.

सामान्य मुंबईकराला सर्वांत जवळचे असावे ते जहांगीर कलादालन. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांच्या ‘प्रोग्रेसिव्ह’ या आधुनिक कलावंतांच्या गटाने १९४९ मध्ये प्रदर्शन भरवले ते रॅम्पार्ट रोवरील बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात. चित्रकारांसाठी मोठी सार्वजनिक जागा तेव्हा शहरात नव्हती. चित्रकार के. के. हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांच्या आग्रहातून आणि जहांगीर घराण्याच्या देणगीतून १९५२ मध्ये ती उभी राहिली. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. प्रदर्शने साधारण आठवड्याने बदलतात, तारीख मिळण्यासाठी चित्रकार वर्षानुवर्षे वाट पाहतात आणि आपल्या आठवड्यात बहुधा स्वतः दालनात हजर असतात. ‘आपल्याला चित्रातले काय कळते’ म्हणून दारातून परतणाऱ्यांनी ही सोय लक्षात घ्यावी : समोरच्या माणसाला विचारता येते, हा रंग का, हे काय आहे. बहुतेक चित्रकार आनंदाने सांगतात. पावसाळ्यात कला महाविद्यालयांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलामुलींचे ‘मान्सून शो’ प्रदर्शन असते; उद्याची नावे आजच पाहायची असतील तर तेच गाठावे. बाहेरच्या फुटपाथवरही चित्रकार कामे मांडून बसतात.

भायखळ्याचे संग्रहालय बुधवारी आणि आधुनिक कलादालन सोमवारी बंद असते. दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास होणारा काळा घोडा कला महोत्सव (१९९९ पासून) रस्ते माणसांनी भरून टाकतो. चित्रांसमोर निवांत उभे राहायचे असेल तर ते नऊ दिवस टाळून आठवड्यातली एखादी दुपार निवडावी.