ओपीटीचा अर्ज: नोकरी लागायची वाट बघत बसू नका

मे महिना आला की आपल्याकडे लग्नसराई, आणि तिकडे अमेरिकेत त्याच महिन्यात पोरांची डिग्री संपते. मग घरून फोन जातो, "झाली ना परीक्षा? ये मग ताईच्या लग्नाला, नोकरीचं आल्यावर बघू." लातूर, नांदेड, संभाजीनगरकडून एमएसला गेलेल्या पोरांच्या आईबापांकडून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की हे लिहिताना पोरांइतकेच तेही डोळ्यांसमोर आहेत. डिग्रीनंतर काम करायची जी परवानगी लागते, तिचा अर्ज अमेरिकेत हजर असतानाच करावा लागतो. गावाकडे येऊन लॅपटॉपवर तो भरला तर चालत नाही.

या परवानगीचं नाव ओपीटी, म्हणजे ऑप्शनल प्रॅक्टिकल ट्रेनिंग. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकलेल्याला आपल्या विषयाशी थेट संबंध असलेलं काम १२ महिने करता येतं. हा वेगळा व्हिसा नाही. माणूस एफ-१ वरच राहतो. शिक्षणाच्या एका पातळीला एकदाच मिळते. एक एमएस करून ओपीटी वापरली आणि नंतर दुसरं एमएस केलं, तर पुन्हा नाही. पुढे पीएचडी केली, तर मिळते.

पात्रतेत फार गुंतागुंत नाही. किमान एक पूर्ण शैक्षणिक वर्ष फुल-टाइम शिकलेलं असावं आणि एफ-१ चा दर्जा शाबूत असावा. खड्डा आहे तो सीपीटीचा, म्हणजे कोर्सचा भाग म्हणून शिकतानाच करायच्या कामाच्या परवानगीचा. शिकत असताना फुल-टाइम सीपीटी १२ महिने किंवा त्याहून जास्त केली, की त्या पातळीची ओपीटी गेलीच. 'पहिल्या दिवसापासून सीपीटी' म्हणून जाहिरात करणारे एजंट हे सांगत नाहीत. पार्ट-टाइम सीपीटी मात्र यात धरत नाहीत.

आणि अर्ज करायला नोकरी हातात असावी लागत नाही. "ऑफर लेटर आलं की भरतो" म्हणत थांबलेली पोरंच तारखा चुकवतात.

तारखांचा हिशोब

आय-२० वर, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या प्रवेशाच्या कागदावर, कोर्स संपायची तारीख असते. पदवीदान समारंभाची तारीख वेगळी, ती इथे कामाची नाही. कोर्सच्या तारखेच्या ९० दिवस आधीपासून ६० दिवस नंतरपर्यंत अर्ज करता येतो. समजा कोर्स १५ मे २०२६ ला संपतो. तर खिडकी १४ फेब्रुवारीला उघडते आणि १४ जुलैला बंद होते. शेवटच्या तारखेपर्यंत अर्ज यूएससीआयएसकडे, म्हणजे असे अर्ज बघणाऱ्या अमेरिकन सरकारी खात्याकडे, पोहोचलेला असावा लागतो. पोस्टात टाकला म्हणून भागत नाही.

पण आधी विद्यापीठातल्या डीएसओकडे जायचं, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे. तो सेव्हिस या सरकारी प्रणालीत शिफारस टाकतो आणि ती छापलेली नवी आय-२० देतो. शिफारस पडल्यापासून ३० दिवसांच्या आत आय-७६५ हा ओपीटीच्या अर्जाचा फॉर्म जायलाच हवा. शिफारशीच्या आधी घाईने फॉर्म भरला, तरी नाकारला जातो. फी परत मिळत नाही.

काम सुरू करायची तारीख तुम्हीच मागायची असते, कोर्स संपल्यावरच्या ६० दिवसांतली कोणतीही. इथे जरा डोकं लावा. ओपीटी सुरू झाली की बेरोजगारीचे एकूण ९० दिवसच चालतात. वरच्या उदाहरणात १६ मे मागितली आणि काम मिळालंच नाही, तर हे दिवस १३ ऑगस्टला संपतात. १४ जुलै मागितली तर ११ ऑक्टोबरला. ऑफर हातात नसेल, तर माझ्या मते उशिराची तारीखच शहाणपणाची. मात्र सगळी ओपीटी कोर्स संपल्यापासून १४ महिन्यांत आटपावी लागते, त्यामुळे मंजुरीच उशिरा आली तर बारा महिन्यांतलेच दिवस कापले जातात. म्हणून तारीख उशिराची मागा, पण अर्ज लवकर करा.

कागदपत्रं, नाव आणि जन्मगाव

ऑनलाइन अर्जाला लागतं ते एवढंच: शिफारस असलेली नवी आय-२०, तिच्यावर स्वतःची सही, पासपोर्टचं फोटोचं पान, व्हिसाचं पान, आय-९४ ची (अमेरिकेत शिरल्याच्या सरकारी नोंदीची) प्रत, आधी वर्क परमिट कार्ड मिळालेलं असेल तर त्याची प्रत, आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा २ बाय २ इंचाचा नवा फोटो. व्हिसाच्या वेळचा जुना फोटो पुन्हा चिकटवू नका. फॉर्मवर पात्रतेचा प्रकार सी-३-बी निवडायचा. एप्रिल २०२४ पासून ऑनलाइन फी ४७० डॉलर आणि कागदी अर्जाला ५२० ठरली होती. भरायच्या दिवशी यूएससीआयएसच्या साइटवर आकडा एकदा बघून घ्या. सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर तो याच फॉर्ममधून मागता येतो, वेगळी चक्कर वाचते.

आपल्या पोरांची गडबड होते ती नावात. दहावीच्या सनदेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर वडिलांचं नाव बहुतेक वेळा 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःच्या नावाला जोडलेलं असतं. फॉर्म भरताना सनद बाजूला ठेवा आणि पासपोर्टवर जसं आहे तसं उतरवा.

जन्मगावाचंही तेच. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव २०२३ मध्ये झालं, पण त्याआधी निघालेल्या पासपोर्टवर जुनंच नाव आहे. फॉर्ममध्येही तेच लिहा. अभिमान आपल्या जागी, कागद कागदाच्या जागी.

कार्ड आल्यावर

मंजुरी मिळाली की ईएडी, म्हणजे वर्क परमिट कार्ड येतं. कार्डावरची सुरुवातीची तारीख उजाडल्याशिवाय एक दिवसही काम करायचं नाही, फुकटचं 'ट्रेनिंग' सुद्धा नाही. मग सेव्हपच्या, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या, पोर्टलवर कंपनीचं नाव-पत्ता टाकायचा. नोकरी किंवा घर बदललं तर १० दिवसांत कळवायचं. आठवड्याला किमान २० तास काम असेल तरच तो काळ रोजगारात मोजतात. पहिल्या १२ महिन्यांत विषयाशी जोडलेलं बिनपगारी कामही चालतं. ९० दिवस संपत आले म्हणून पैसे घेऊन कागदावर नोकरी दाखवणाऱ्या कन्सल्टन्सीच्या नादी लागू नका. कर्जाच्या हप्त्याचं टेन्शन खरं असतं, पण तो खोटा कागद पुढे प्रत्येक व्हिसाच्या वेळी आडवा येतो.

पगाराच्या पहिल्या पावतीवर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची कपात दिसते का बघा. एफ-१ वाल्यांना साधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षं ती लागू नसते. एकूण ७.६५ टक्के जातात, आणि एचआरला सांगितल्याशिवाय पुष्कळदा हे त्यांच्या लक्षातच येत नाही.

विषय स्टेम यादीतला, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित यांतला असेल तर आणखी २४ महिने मिळतात. कोर्सच्या नावावर जाऊ नका, आय-२० वरचा सीआयपी कोड, म्हणजे विषयाचा सरकारी क्रमांक, यादीत आहे का ते तपासा. कंपनी ई-व्हेरिफायमध्ये (कामाची परवानगी तपासायच्या सरकारी प्रणालीत) नोंदलेली हवी, काम पगारी आणि किमान २० तासांचं हवं, आणि आय-९८३ हा ट्रेनिंगचा आराखडा कंपनीने सही करून द्यावा लागतो. पहिली ओपीटी संपायच्या आधीच्या ९० दिवसांत अर्ज करायचा, शिफारशीपासून ६० दिवसांच्या आत. वेळेत भरला तर निकाल येईपर्यंत १८० दिवस काम सुरू ठेवता येतं. बेरोजगारीची मर्यादा तेव्हा एकूण १५० दिवसांची होते.

राहिलं ताईचं लग्न. अर्ज करून फक्त पावती हातात असताना देश सोडणं जोखमीचं. कार्ड, नोकरीचं पत्र, सहा महिन्यांच्या आतली डीएसओची प्रवासाची सही आणि चालू व्हिसा एवढं जवळ असेल, तर पोराला येऊन परत जाता येतं. व्हिसा संपला असेल तर मात्र मुंबईच्या वकिलातीत पुन्हा उभं राहावं लागतं, आणि तिथे मिळेलच असं नाही. तेव्हा मुहूर्त मेऐवजी तुळशीच्या लग्नानंतरचा धरता आला तर बरं, आणि तारीख पक्की करायच्या आधी पोराला पासपोर्टवरचं व्हिसाचं पान व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला सांगा.