वैवाहिक असमाधान
पती, पत्नी किंवा दोघांनाही आपल्या संसाराबद्दल दीर्घकाळ वाटणारी नाखुशी. घटस्फोट कोर्टाच्या दप्तरात नोंदला जातो. एका घरात राहून महिनोन्‌महिने कामापुरतेच बोलणारे जोडपे कुठेच नोंदले जात नाही. ‘पदरी पडले, पवित्र झाले’ असे म्हणणाऱ्या समाजात तर घटस्फोट कमी म्हणजे संसार सुखाचे, हा हिशेब साफ चुकतो.

कारणे आधी स्वभावात शोधली गेली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातील ७९२ जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचे बालपण सुखात गेले आणि ज्यांच्या आईवडिलांचे आपसांत पटत होते, ते अधिक समाधानी आढळले. लोवेल केली आणि जेम्स कॉन्ली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकात लग्न ठरलेल्या ३०० जोडप्यांचा पुढे चार दशकांहून अधिक काळ मागोवा घेतला. दोघांपैकी कुणाचाही सतत धास्तावलेला स्वभाव आणि नवऱ्याचा उतावळेपणा, यांचा असमाधानाशी ठळक संबंध दिसला.

पण सगळे खापर स्वभावावर फोडता येत नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या आयोवा राज्यात जमिनीचे भाव कोसळले आणि शेतकरी कर्जात बुडाले. रँड कॉन्जर, ग्लेन एल्डर या संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या कुटुंबांत पाहिले, की पैशाची ओढाताण संसारात शिरते ती बोलण्यावागण्यातून. चणचण वाढली की विशेषतः नवऱ्याची चिडचिड वाढे, मायेचे दोन शब्द आटत. हप्त्याची तारीख जवळ आलेली असते, ‘पैसे भरले का?’ एवढेच बायको विचारते, ‘तुला काय करायचंय?’ असे उत्तर येते आणि भांडण हप्त्याचे राहतच नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या कर्जबाजारी घरांना हे वेगळे सांगायला नको. अडचणीवर मिळून तोडगा काढणाऱ्या जोडप्यांना आयोवात ही झळ कमी लागली.

आपल्याकडे लग्न दोन घरांचे असते. त्यामुळे हुंडा, मानपानातले रुसवे, मूल न झाल्याचा सुनेवर येणारा दोष आणि नोकरीवरून आल्या आल्या तिचीच वाट पाहणारी कणीक, हे सगळे नवराबायकोच्या मध्ये येऊन बसते. ‘माहेरी येऊन बसली’ हे ऐकावे लागू नये म्हणून कित्येकजणी गप्प राहतात.

मारहाण आणि छळाला ‘पटत नाही’ म्हणणे हा उघड अन्याय आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यात शारीरिक व लैंगिक छळासोबत शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही मोडतो, आणि बाईला राहत्या घरातच राहण्याचा हक्क मिळतो.