बोर्ड गेलाय, की नुसता पंप?

पावसाळ्यात कोल्हापुरात वॉशिंग मशीन बंद पडलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "बोर्ड गेलाय, बदलावा लागंल." बोर्ड म्हणजे मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट. कधी ते खरंही असतं. पण फ्रंट लोड मशीनमधलं पाणी बाहेर जात नाही, स्पिन सुरू होत नाही, एरर दाखवून मशीन थांबतं, ही लक्षणं बोर्ड गेल्यावर जशी दिसतात तशीच पाणी बाहेर फेकणारा ड्रेन पंप गेल्यावरही दिसतात. दोघांच्या किमतीत मात्र बराच फरक आहे.

आधी खालचा फिल्टर उघडा. नाणं, हेअरपिन, ब्लाउजचं हूक असलं काही निघालं तर मल्टिमीटर हातात घ्यायची गरजच नाही. फिल्टर साफ असेल तर प्लग काढा, पंपाची पिन सोडवा आणि मीटर ओहमवर (रेझिस्टन्सवर) ठेवून मोजा. 230 व्होल्टच्या साध्या पंपाची कॉइल साधारण दीडशे-दोनशे ओहम दाखवते. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली, बोर्डाला दोष देऊ नका. आकडा बरोबर आला तर तोच रेझिस्टन्स बोर्डाच्या टोकाकडून पुन्हा मोजा. पंपाजवळ येतो आणि बोर्डाजवळ येत नाही, म्हणजे मधली वायर तुटलीय. मशीनखाली उंदीर शिरत असतील तर ती तपासायला विसरू नका.

कॉइल आणि वायर दोन्ही ठीक असतील तर ड्रेन चालू असताना पंपावर सप्लाय येतो का ते बघायचं. इथंच बरेचजण फसतात. पंप सोडवून मोकळ्या पिनांवर मीटर लावलं तर ट्रायॅक (पंप चालू-बंद करणारा बोर्डावरचा इलेक्ट्रॉनिक स्विच) बंद असतानाही शे-दीडशे व्होल्ट दिसू शकतात. बोर्डावरच्या कपॅसिटरमधून झिरपणारा तो करंट इतका थोडा असतो, की पंप जोडला की व्होल्टेज पार खाली येतं. म्हणून पंप जोडलेला ठेवूनच मोजा. पूर्ण 230 येतात आणि तरी पंप फिरत नाही, तर तो जाम झालाय. 230 येतच नसतील, तर आता बोर्डाकडे वळा. याच्या उलट, प्लग लावल्या लावल्या प्रोग्राम न निवडता पंप घुरघुरायला लागला, तर बहुतेक वेळा बोर्डावरचा ट्रायॅक शॉर्ट झालेला असतो.

हे चालू लाइनवरचं काम आहे. यातल्या पुष्कळ बोर्डांत पाच व्होल्टची बाजूही थेट मेन्सला जोडलेली असते, त्यामुळे "पाचच तर व्होल्ट" म्हणून बोट लावू नका. सवय नसेल तर ओहमपाशी थांबा, पुढचं मेकॅनिकला करू द्या.

मशीन अगदीच मेलेलं असेल, दिवासुद्धा लागत नसेल, तर पंपाचा प्रश्नच येत नाही. खांबावरचा न्यूट्रल तुटला की घरात 230 ऐवजी जवळपास 400 व्होल्टपर्यंत येऊ शकतात. मग बोर्डावरची चपटी, गोल गोळी, एमओव्ही, फुटते आणि फ्यूज जातो. बोर्डाला वाचवायलाच ती बसवलेली असते. बऱ्याचदा तिच्यावर 471 लिहिलेलं असतं. गोळी आणि फ्यूज बदलून, सिरीजमध्ये, म्हणजे सप्लायच्या एका वायरीत मध्येच, फिलामेंटचा बल्ब लावून सप्लाय द्यायचा. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर आशा आहे. भक्क पेटून तसाच राहिला तर पुढंही शॉर्ट आहे.

2019 आणि 2021 च्या महापुरात पाण्याखाली गेलेल्या मशिनींची गोष्ट निराळी. तिथं बोर्ड, मोटर, कनेक्टर सगळंच संशयित. बोर्ड सोडवून, आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं धुऊन, नीट वाळवल्याशिवाय प्लग लावायचा नाही. बोर्डावरच्या तांब्याच्या रेषांवर (ट्रॅकवर) हिरवा गंज चढलेला असेल तर मी तरी त्यावर पैसे घालणार नाही.

आणि बोर्ड खरंच बदलायचा ठरला, तरी पंपाचा आकडा त्याआधी घ्याच. दीडशेच्या जागी वीस-तीस ओहम दाखवणारा पंप नव्या बोर्डाचा ट्रायॅकही उडवू शकतो.